टर्बो, मॅनिफोल्ड आणि उष्टी हळद

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ: डोंबिवली पूर्व, आमच्या सोसायटीचं पार्किंग. उपस्थिती पुढीलप्रमाणे: मी, म्हणजे नवरदेवाची आई. नवरदेवाचे वडील, श्रीकांत. नवरदेव ओजस (हळद लागून, आंघोळ उरकून चौथ्या मजल्यावर). माझ्या नणंदबाई मालतीवन्सं, आदल्या दिवशी ठाण्याहून आलेल्या, रूढी-परंपरा खात्याच्या प्रमुख. ठाकुर्लीचा दिनेश मेकॅनिक. आणि आमची डिझेल गाडी, बॉनेट उघडं टाकून.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. त्याच्याबद्दल एवढंच बरं बोलता येईल.

लग्न दुसऱ्या दिवशी कल्याणच्या हॉलमध्ये होतं. रविवारी फक्त हळद. सकाळी लवकर ओजसला हळद लावायची, त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद वाटीत काढून घ्यायची आणि ती आंबिवलीला नवरीच्या घरी न्यायची. ती पोहोचेपर्यंत नवरीच्या गालाला कोणी बोट लावायचं नाही. सायलीच्या, म्हणजे आमच्या होणाऱ्या सूनबाईंच्या, आजीचा याबाबतीत फार कडक कायदा होता. अंगणात मांडव, दारात बँड, पाटावर पोरगी आणि गावातल्या सगळ्या बायका वाट बघत बसलेल्या. आणि मी विहीणबाईंना शब्द दिला होता, “बाराच्या आत हळद तुमच्या दारात. घड्याळ लावून घ्या हवं तर.”

(असं बोलायची मला सवय आहे. ती अजून गेलेली नाही.)

आता गाडी. तिचं दुखणं महिनाभर जुनं होतं. ॲक्सिलरेटर दाबला की पुढून आवाज यायचा: च्च, च्च, च्च. पाय जोरात दाबला की च्च-च्चही वाढायचं. शेजारी बसून कोणीतरी आपल्या एकूण आयुष्याबद्दल हळहळतंय, असं वाटायचं. मी म्हणाले, “श्रीकांत, दाखवून घे.” (मी नवऱ्याला अरे-तुरे करते. वन्सं त्यातून अजून सावरलेल्या नाहीत.) त्यावर श्रीकांतने तातडीने उपाय केला. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

शनिवारी आम्ही वन्संना आणायला ठाण्याला गेलो. परतताना त्या एसीच्या झोतासमोर बसल्या होत्या. मुंब्रा सोडेपर्यंत त्या गप्प झाल्या. वन्सं गप्प होणं ही आमच्या घराण्यात गंभीर बाब असते.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. श्री, गाडीत डिझेलची उदबत्ती लावली आहेस का?”

घरी येईपर्यंत त्यांचं डोकं भणभणायला लागलं होतं. त्यांना सुंठेचा लेप, मला घाम आणि श्रीकांतचा दिनेशला फोन, या क्रमाने संध्याकाळ गेली. दिनेश आला, बॉनेट उघडलं, श्रीकांतला ॲक्सिलरेटर दाबायला लावला आणि आतल्या एका जोडाजवळ हात धरून म्हणाला, “काका, हे बघा. इंजिनाचा धूर ह्या जाड नळकांड्यातून बाहेर येतो, हा मॅनिफोल्ड. त्या धुराच्या जोरावर हा टर्बो फिरतो. दोघांच्या मधे एक पत्र्याचं गॅस्केट असतं, पापडासारखं. ते फुटलंय. धूर मधूनच बाहेर मारतोय आणि एसीतून तुमच्या नाकात.”

“चालवली तर चालेल ना? उद्या आंबिवलीपर्यंतच जायचंय,” श्रीकांत म्हणाला.

“चालेल. पण पोचल्यावर माणसं उतरवून घ्यायला लागतील.”

वन्संनी लेपाखालून एक डोळा उघडून भावाकडे बघितलं. तिथेच दुरुस्ती मंजूर झाली.

दिनेश म्हणाला, “आता इंजिन तापलंय. सकाळी गार असताना येतो. वरचा पत्रा काढायचा, नट सोडायचे, टर्बो जरा मागे सरकवायचा, जुनं गॅस्केट काढून नवं टाकायचं, नट आवळायचे. तुमची वरती हळद होईस्तो खाली गाडी तयार. मला पण दुपारी गावात हळदीला जायचंय, मी कशाला रेंगाळतोय.”

रिक्षाने का नाही गेलात, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. मीही विचारलं होतं, वन्संना. त्या म्हणाल्या, “उष्टी हळद रिक्षातून? मांडीवर ताट, बाजूला साडीची पिशवी, फळांची परडी पायात, आणि खड्डा आला की नवरीची हळद रिक्षावाल्याच्या पाठीला. मग लावा लग्न त्याच्याशी.” दुसऱ्याच्या गाडीचं म्हणावं, तर त्या रविवारी डोंबिवलीतली प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या लग्नाला निघालेली. फोनमधलं टॅक्सीचं ॲप नुसतंच गोल गोल फिरत होतं. तेव्हा आमची आशा एकच, पापडासारखी.

रविवारी सकाळी दिनेश आला आणि कामाला लागला. वरती ओजसला हळद लागली. मी प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे करत होते. हळद झाल्या झाल्या त्याला आंघोळीला पिटाळलं. उष्टी हळद चांदीच्या वाटीत काढली, वाटी ताटात, ताटावर लाल कापड. ताट घेऊन मी खाली आले आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवलं. गाडी सुरू झाली की लगेच उचलायचं, म्हणून हाताशी.

खाली श्रीकांत दिनेशला नट खोलायचे पाने देत होता. दिनेशने दहाचा मागितला की श्रीकांत बाराचा द्यायचा, वर “हाच बसेल बघ” असंही म्हणायचा. मला ते बघवेना. मी त्याला बाजूला केलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पाने आकारानुसार ओळीने लावले आणि दिनेशच्या मागे उभी राहिले. त्याचं डोकं बॉनेटखाली आणि हात मागे पसरलेला.

“दहाचा.”

दिला.

“बाराची रिंग.”

दिली.

“फडकं.”

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत फडकं त्याच्या हातात. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर करतात ना, अगदी तसं.

“काकू, तुम्ही आमच्या गॅरेजला या. आमचा पोऱ्या पाना मागितला की चहा आणतो.”

मी पदर खोचला. आयुष्यात काही कौतुकं माणसाला नडतात. हे त्यातलं एक.

नवं गॅस्केट बसलं. नट आवळले गेले. दिनेश बाजूला झाला आणि श्रीकांतने चावी फिरवली. आम्ही तिघंही श्वास रोखून ऐकत होतो.

च्च.

“नाही ना,” दिनेश म्हणाला.

च्च, च्च. गाडीलाही वाईट वाटत होतं.

दिनेशने इंजिन बंद करायला लावलं. “कुठून तरी अजून मारतोय. जोडाच्या चार बाजू. दोन दिसतात, दोन दिसत नाहीत. परत सगळं खोलायचं तर नक्की कुठे ते कळायला पाहिजे.”

इतक्यात विहीणबाईंचा, संगीताताईंचा फोन आला. मागून बँड ऐकू येत होता. “ताई, निघालात ना? नाही म्हणजे, सायलीला पाटावर बसवतोय आम्ही. तुम्ही वेळेच्या पक्क्या, म्हणून म्हटलं आधीच बसवू.”

“निघालोच,” मी म्हणाले. गाडीचं बॉनेट त्या वेळी उघडं होतं आणि पाने वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते.

मी फोन ठेवला आणि श्रीकांतने तो शब्द उच्चारला.

“हळद लाव.”

याला इतिहास आहे. माझे सासरे एकदा जीप घेऊन नाशिकला निघाले असता कसारा घाटात रेडिएटर गळायला लागला. सासऱ्यांनी जवळच्या घरातून मूठभर हळद आणून रेडिएटरमध्ये टाकली, भोक बुजलं आणि जीप नाशिकला पोहोचली. तेव्हापासून आमच्या घराण्यात गळतीवर दुसरं औषध नाही. सोसायटीच्या टाकीला चीर गेली तेव्हा श्रीकांतने सर्वसाधारण सभेत उभं राहून हळद सुचवली होती. ती सूचना इतिवृत्तात आहे.

“काका, ती पाण्याच्या गळतीला,” दिनेश म्हणाला. “हा धूर आहे.”

“गळती ती गळती.”

“अहो, जळून जाईल ती.” एवढं बोलून दिनेश थांबला. त्याने बॉनेटमध्ये बघितलं, मग श्रीकांतकडे बघितलं. “पण एक मिनिट. ओली हळद जोडाला चारी बाजूंनी लावली आणि इंजिन चालू केलं, तर धूर जिथून मारेल तिथे काळं पडेल. पिवळ्यावर काळं लगेच दिसतंय. काका, तुमचं डोकं उलटं चालतं, पण चालतं.”

श्रीकांतची छाती फुगली. वडील कसारा घाटातून हात हलवताहेत असा त्याचा चेहरा झाला.

दिनेशने डोकं परत बॉनेटखाली घातलं. हात मागे पसरला.

“काकू, हळद.”

दिली.

“ओली पाहिजे हां.”

“ओलीच आहे,” मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले, हे नमूद करते. चौथ्या मजल्यावर जाणं नाही, डबा शोधणं नाही, कालवणं नाही. माणसाने मागावं आणि वस्तू हातात असावी. त्या क्षणी माझ्याइतकी तत्पर बाई अख्ख्या डोंबिवलीत नव्हती.

दिनेशने जुन्या ब्रशने मन लावून हळद लावली. पुढून, मागून, खालून. थोडी उरली ती श्रीकांतने शुभ म्हणून टर्बोच्या पोटालाही फासली. चावी फिरली. इंजिन तापलं तसा वास सुटला. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि वरून आवाज आला, “कोणाची फोडणी करपली?”

आणि मग ते दिसलं. मागच्या खालच्या कोपऱ्यात पिवळ्याधमक लेपावर काळी रेघ उमटली होती, काजळाचं बोट ओढावं तशी.

“सापडला,” दिनेश म्हणाला. वॉचमनचा टेबल फॅन इंजिनावर लावून त्याने जोड गार होऊ दिला, परत नट सोडले, टर्बो सरकवला आणि आरसा धरून आत बघितलं. तिथे जुन्या गॅस्केटचा नखाएवढा तुकडा मॅनिफोल्डला चिकटून बसला होता. त्यामुळे नवं गॅस्केट एका बाजूला उचललेलं राहिलं होतं. “हा माझा घोळ काकू. दिसला नाही.” त्याने तो खरवडला, जोड पुसला, सगळं पुन्हा बसवलं आणि नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळले. (मध्ये मी तीन पाने दिले. तिन्ही बरोबर.)

श्रीकांतने चावी फिरवली.

काही नाही. च्च नाही, हळहळ नाही. जोरात दाबला तरी नुसती घरघर. महिनाभराने आमच्या गाडीने आमच्याबद्दल चांगलं मत बनवलं होतं. श्रीकांतने दिनेशला मिठी मारली, त्यामुळे त्याच्या नव्या झब्ब्यावर ग्रीसचा एक हात उमटला. मी पाने पुसून पेटीत लावून दिले. आता फक्त ताट उचलायचं आणि निघायचं.

तेवढ्यात वन्सं खाली आल्या. हिरवी पैठणी, नाकात नथ, हातात ओटीचं सामान. त्यांनी ताटावरचं कापड उचललं.

“वाटी कुठे आहे?”

मी ताटाकडे बघितलं. मग मला वाटी दिसली. ती गाडीच्या बॅटरीवर होती.

“हळद कुठे आहे?” वन्संनी विचारलं.

“इंजिनावर.”

“इंजिनावर ठेवलीस?”

“लावली.”

गाडीही बिचारी गप्पच होती. दिनेश हळूच म्हणाला, “काकू, ती लग्नाची होती? मला वाटलं घरातली.” श्रीकांत त्याच्यामागे अर्धवट लपला. त्याच्या बोटांना अजून शुभ लागलेलं होतं.

वन्सं किंचाळल्या नाहीत. त्यांनी नथ सारखी केली. “सुनंदा,” त्या म्हणाल्या, “तू मुलाचं लग्न टर्बोशी लावलंस.”

“वर डबाभर हळद आहे. नवी कालवते,” मी म्हणाले.

“ती साधी. उष्टी नाही. नवऱ्याच्या अंगाला लागून आलेली पाहिजे.”

“मग त्याला परत लावू.”

“आंघोळ झाली, हळद उतरली. दोनदा लावायला तो काय घराच्या भिंतीचा रंग आहे?”

फोन वाजला. संगीताताई. मी उचलला नाही. माझ्या आयुष्यात मला प्रथमच उशीर होत होता आणि तोही एका अख्ख्या गावासमोर, बँडच्या तालावर. पाटावरची ती पोरगी डोळ्यांसमोर आली. आपण तिच्या घरी जाऊन काय सांगणार होतो? की बाई, तुझी हळद वाटेत गाडीने घेतली?

लिफ्टमधून वर जाताना वन्संनी तोडगा काढला. “त्याच्या अंगाची हळद कुठेतरी लागलेली असेलच. ती खरवडून नव्या हळदीत मिसळायची. म्हणजे झाली उष्टी. चालतं. त्याने अंग पुसलं तो टॉवेल काढ.”

“मशीनला लावला.”

“लगेच?”

“डाग पक्का होतो, वन्सं.”

“बरं. बसला होता तो पाट.”

“धुतला.”

“हळद लावली ती आंब्याची पानं?”

ती मी ओल्या कचऱ्यात टाकली होती, आणि रविवारची कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. ओजसने हळदीला घातलेला बनियन? भिजवला. जमिनीवर सांडलेली? फरशी पुसली. वन्सं एकेक विचारत होत्या आणि मी एकेक केलेलं काम सांगत होते. एरवी या यादीवर मला शाबासकी मिळाली असती. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, “तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं, असं आई म्हणायची. ती हे दिवस बघायला नाही तेच बरं.”

ओजस पलंगावर लोळत फोनवर सायलीशीच बोलत होता. “अगं, खालून हळदीचा काय मस्त वास येतोय,” तो तिला सांगत होता.

“फोन ठेव,” वन्सं म्हणाल्या. “उभा राहा. उजेडात ये.”

“आत्या, काय झालं?”

“बोलू नकोस. हात वर कर.”

बगला साफ. कोपर साफ. नखं साफ. मी लहानपणापासून लावलेली शिस्त त्या दिवशी माझ्याच मुळावर आली होती. पोरगा कधी नव्हे तो चकचकीत होता. माझे डोळे भरून आले, आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं.

वन्संनी त्याचा कान पकडला. शिक्षा म्हणून पकडला असावा, पण कान पुढे वळला आणि त्या थांबल्या.

“सुनंदा. चमचा आण.”

डाव्या कानाच्या मागे, वळणात, सुकून बसलेली, पिवळीजर्द, चांगली चिमूटभर हळद होती. उजव्या कानामागे त्याहून जास्त.

“आई, सॉरी,” ओजस म्हणाला. “तिथे कोण बघतंय म्हणून मी...”

“गप्प बस,” मी म्हणाले. “हालू नकोस. बाळा, तू आज घराण्याचं नाव राखलंस.”

आइसक्रीमच्या चमच्याने ती खरवडली. वन्संनी नवी हळद कालवली, तिच्यात ती चिमूट मिसळली, काहीतरी पुटपुटल्या आणि वाटी माझ्या हातात न देता स्वतःच्या पदराखाली घेतली. आंबिवलीपर्यंत ती तिथेच राहिली. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “तू पाने सांभाळ.”

मग आम्ही निघालो. ठाकुर्ली गेलं, पत्री पुलावर नेहमीप्रमाणे अडकलो, कल्याण मागे पडलं. श्रीकांतने रेडिओ बंद ठेवला होता आणि तो गाडीचं न येणारं च्च ऐकत होता. शहाडच्या पुलावर चढताना गाडी अशी सहज गेली की तो म्हणाला, “बघ, कशी खेचतेय.” धुराचा वास नाही, वन्संचं डोकं शाबूत. फक्त एसीतून भाजलेल्या हळदीची झुळूक येत होती. आपण मोठ्या पातेल्यात बसून प्रवास करतोय असं वाटत होतं.

बारा वाजून गेले होते. किती, ते मी सांगणार नाही.

मांडवात शिरलो. सायली पाटावर बसली होती, अवघडून, एक पाय बहुधा बधिर झालेला. तिने आम्हाला बघितलं आणि सुटकेचा असा श्वास टाकला की मुंडावळ्या हलल्या. आजींनी वाटी घेतली, हळदीत बोट घातलं, वास घेतला.

“नवऱ्याची हाय ना?” आजींनी विचारलं.

“अगदी अंगची,” वन्सं म्हणाल्या. यात काही खोटं नव्हतं.

आजींनी सायलीच्या गालाला हळद लावली. बँडने जोर धरला. बायका गाऊ लागल्या. मी खुर्चीत बसले आणि कोणीतरी हातात दिलेलं सरबत एका दमात प्यायले. संगीताताई शेजारी येऊन बसल्या, माझा हात दाबला आणि म्हणाल्या, “आलात, बरं वाटलं. थोडा वेळ झाला, तर आम्ही घाबरलो. तुम्ही आणि उशीर, म्हणजे काहीतरी झालंच असणार.”

“छे, ट्रॅफिक,” मी म्हणाले. पोहोचलो होतो, लागली होती, संपलं होतं. इतकं हलकं मला ओजसच्या बारावीच्या निकालानंतर प्रथमच वाटत होतं.

आणि तेव्हा बाहेरून हाक आली. सायलीचे काका, हरेशकाका. त्यांचे डंपर आहेत, ट्रॅक्टर आहेत, गाडी दिसली की बॉनेट उघडल्याशिवाय त्यांना राहवत नाही. “काहीतरी भाजल्याचा वास येतोय म्हणून उघडलं,” ते श्रीकांतला सांगत होते. “ही काय भानगड हाय?”

आम्ही बाहेर गेलो. बॉनेट उघडं होतं. आत आमचा टर्बो, पिवळाधमक, पाटावर बसलेल्या नवरीसारखा. भोवती निम्मं गाव. श्रीकांतने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे बघितलं. आजी काठी टेकत आल्या, चष्मा वर केला आणि वाकून बघितलं.

“गारीला पन हलद लावली का गो?”

मी तोंड उघडलं. खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण वन्संनी माझा हात बाजूला केला आणि पैठणीचा पदर खांद्यावर नीट घेतला.

“आमच्यात तसंच असतं,” त्या म्हणाल्या. “आधी नवऱ्याला, मग गाडीला, मग नवरीला.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. क्रम तर अगदी तंतोतंत होता.

आजींनी दोन्ही हात जोडले. “बराबर हाय. लक्षुमी तिच्यातनंच येनार ना घरी.” आणि मागे वळून हरेशकाकांना म्हणाल्या, “बघतोस काय? आपल्या गारींना कोन लावनार?” त्यानंतर अर्ध्या तासात त्या अंगणातल्या प्रत्येक वाहनाला हळद लागली. डंपर, ट्रॅक्टर, दोन टेम्पो, पोरांच्या मोटरसायकली आणि बँडवाल्यांची जीप. बँडवाल्यांनी जीपसाठी खास वेगळं गाणं वाजवलं. श्रीकांत सगळ्यांना इंजिनात नेमकी कुठे लावायची ते दाखवत फिरत होता.

लग्न उत्तम झालं. गाडी आजतागायत च्च म्हणालेली नाही. सायली घरात रमली आहे, आणि ओजसच्या कानामागे मी आता बघत नाही, ते खातं तिच्याकडे दिलं आहे.

अडचण एकच. सायलीच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. परवा संगीताताईंचा फोन आला. “ताई, गाडीची हळद तुमच्याच हातून व्हायला पाहिजे. आजी ऐकायलाच तयार नाहीत. आणि त्याचं सगळं जरा व्यवस्थित लिहून पाठवा ना. काय काय साहित्य, आधी काय, नंतर काय, मंत्र कुठला. आजूबाजूच्या गावातलेही मागतायत. तुम्हाला असलं छान जमतं.”

मी हो म्हणाले. (सवय.) वन्संना विचारलं, तर त्यांनी हात झटकले. “श्रीचा टर्बो, तुझी हळद. मी फक्त वेळ मारून नेली.”

तेव्हा मी कागद घेऊन बसले आहे. वर शीर्षक घातलं आहे: ‘वाहन-हळद विधी’. खाली साहित्य लिहून झालं: ओली हळद एक वाटी, आंब्याची पानं, ब्रश, टेबल फॅन, बाराची रिंग. त्याखाली ‘कृती’ असं लिहून दोन रेघा मारल्या आहेत. पुढचं तेवढं लिहायचं राहिलं आहे.